सांगलीत बसून वेबमास्टरकी: डॉलर येतो कसा आणि पोचतो किती

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या बऱ्याच मुलामुलींनी विचारलं, ताई तुम्ही घरी बसून डॉलरमध्ये कमावता म्हणे, क्लायंट कुठून मिळतात ते सांगा ना. क्लायंटचं सांगतेच, पण त्याहून महत्त्वाचं जे कुणीच विचारत नाही ते म्हणजे मिळालेला पैसा आपल्या खात्यात येतो कसा, वाटेत किती झिजतो, आणि आल्यावर तो आपल्या कामाचाच आहे हे बँकेला, इन्कम टॅक्सला आणि उद्या होम लोन देणाऱ्या साहेबाला पटवायचं कसं. माझं घर या कामावर चालतं, मधली काही वर्षं नवऱ्याला नोकरी नव्हती तेव्हा तर फक्त यावरच चाललं, म्हणून जरा लांबण लागली तरी सगळं लिहून टाकते.

आधी काम काय ते. लोकांना वाटतं वेबमास्टर म्हणजे वेबसाइट बनवणारा. बनवणं हा त्यातला छोटा भाग झाला, बनवलेली साइट पुढे वर्षानुवर्षं चालू ठेवायची हे खरं काम. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, वेळेत रिन्यू करायचं, बॅकअप घ्यायचा आणि तो परत चढतो का ते मधूनमधून बघायचं, वर्डप्रेस (साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर) आणि प्लगिन (त्याला जोडायच्या पुरवण्या) यांचे अपडेट आधी कॉपीवर करून मग खऱ्या साइटवर, साइटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट संपत आलंय का, कॉन्टॅक्ट फॉर्मचे मेल क्लायंटला पोचतायत का का स्पॅममध्ये पडतायत. यात दिसायला काही नाही. पण इंग्लंडमधल्या डेव्हनचं एक जोडपं सुट्टीसाठी दोन-तीन घरं भाड्याने देतं आणि त्यांचं सगळं बुकिंग साइटवरून येतं, त्यांना हे दिसतं बरोबर.

तेच माझे पहिले क्लायंट. मी पुण्यात एका होस्टिंग कंपनीत, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीत, सपोर्टला होते, नाइट शिफ्ट, मग लग्न करून सांगलीला आले आणि इथे तसलं काम मिळेना, तेव्हा फ्रीलान्स साइटवर नाव टाकलं. २०११ ची गोष्ट. त्या वर्षी ऑगस्टमध्ये टिमथंब नावाच्या एका स्क्रिप्टमधलं भोक उघडकीला आलं होतं, फोटो लहान-मोठे करायची ती स्क्रिप्ट वर्डप्रेसच्या कितीतरी थीममध्ये असायची आणि तिच्यातून जगभर साइट हॅक होत होत्या. या जोडप्याची साइट उघडली की सगळं नीट दिसायचं पण गूगलमध्ये नाव टाकलं की खाली औषधाच्या गोळ्या विकणाऱ्या जाहिरातींच्या ओळी. म्हणजे माणसाला एक पान आणि गूगलच्या बॉटला, साइट वाचत फिरणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅमला, दुसरंच. त्यांच्या आधीच्या माणसाने दोनदा साफ करून दिली होती, तरी परत यायचं.

मी गूगल वेबमास्टर टूल्समधून, तेव्हा त्याचं नाव तेच होतं, बॉटला काय दिसतं ते काढून बघितलं, मग फाइल्स खाली घेऊन वर्डप्रेसच्या कोऱ्या कॉपीशी एकेक ताडून पाहिल्या. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये फक्त फोटो असायला पाहिजेत, तिथे फोटोसारखं नाव लावून दोन पीएचपी फाइल्स, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, बसल्या होत्या आणि डेटाबेसमध्ये एक ॲडमिन यूजर होता जो कुणीच बनवला नव्हता. थीम साफ केली तरी त्या फाइल्स रात्रीतून सगळं परत लिहीत होत्या. त्या काढल्या, स्क्रिप्ट बदलली, सगळे पासवर्ड बदलले, आणि काय काय सापडलं त्याचा एक पानाचा रिपोर्ट साध्या इंग्रजीत लिहून पाठवला. त्या रिपोर्टनेच काम केलं. त्यांनी विचारलं, दर महिन्याला लक्ष ठेवायचे किती घ्याल.

तिथून मला या धंद्याचं गणित कळलं. एकदाच मिळणारं मोठं प्रोजेक्ट छान वाटतं, पण ते संपलं की परत रिकामे हात आणि परत बिडिंग, म्हणजे कामासाठी बोली लावत बसणं. रतीबाचं गिऱ्हाईक वेगळं, महिन्याला साठ डॉलर का असेना, ते येत राहतात. अशी दहा-बारा गिऱ्हाइकं बांधली की घर चालतं. नवीन गिऱ्हाईक बहुतेक जुन्याच्या शब्दावर येतं, माझ्याकडे आलेल्यांपैकी बरेचसे डेव्हनच्या त्या बाईंनी किंवा त्यांनी पाठवलेल्या माणसांनी पाठवलेले आहेत. फ्रीलान्स साइटवरची झटापट मी पहिल्या दोन वर्षांनंतर सोडली.

आता पैशाचं.

पहिले पैसे पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेने आले. त्याच वर्षी, २०११ च्या मार्चपासून, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने भारतात घेणाऱ्यांना एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा होती, आणि आलेले पैसे तिथेच ठेवून त्यातून काही खरेदी करायची नाही, बँकेत काढायचे. पुढे ती मर्यादा वाढत वाढत १०,००० डॉलरवर गेली. माझी बिलं लहान, त्यामुळे मर्यादेचा त्रास नव्हता, पण हिशोब करायची सवय तिथे लागली. फी साधारण चार टक्के आणि वर काही सेंट, मग डॉलरचे रुपये होताना रेट बाजारापेक्षा कमी, सगळं धरून शंभरातले सात-आठ जायचे. रेटमध्ये गेलेला पैसा पावतीवर कुठे दिसत नाही म्हणून नवीन मुलं तो धरतच नाहीत. मी वहीत चार रकाने आखले: बिल किती, फी किती, त्या दिवशीचा बाजारातला रेट, आणि हातात आलेले रुपये. आजही तोच तक्ता एक्सेलमध्ये आहे.

मग २०१२ मध्ये ओहायोमधल्या एका छोट्या कंपनीचं काम आलं, ते म्हणाले आम्ही बँकेतूनच वायर करतो. स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड, वगैरे घ्यायला माझ्या बँकेत गेले. नाव नको, सरकारी बँक, सांगलीतलीच शाखा. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, मॅडम, मिस्टर बाहेर असतात का? म्हटलं नाही, सांगलीतच. मग भाऊ आहे का अमेरिकेत? नाही हो, मी काम केलंय त्याचे पैसे आहेत. त्यांची तरी काय चूक, त्यांच्याकडे बाहेरून येणारा पैसा म्हणजे आखातातून मुलाने घरी पाठवलेला, त्यामुळे त्यांनी सवयीने फॉर्मवर कुटुंबाच्या खर्चाचा कोड टाकला, पी १३०१. मी घरून वाचून गेले होते म्हणून थांबवलं. सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा पर्पज कोड, म्हणजे पैसा कशाचा ते सांगणारा कोड, पी ०८०२. हे दोन आकडे वेगळे असले की कागदोपत्री अख्खी गोष्ट वेगळी होते, एकात मी घरच्यांनी पाठवलेल्या पैशावर जगणारी आणि दुसऱ्यात सेवा निर्यात करणारी. उद्या टॅक्सवाल्यांनी विचारलं तर बँकेच्या कागदावर जे असेल तेच खरं धरणार.

शेवटी आतले एक वयस्कर ऑफिसर उठून आले, त्यांनी कोल्हापूरच्या फॉरेक्सचं काम करणाऱ्या शाखेला फोन लावला, मला समोर बसवून इनव्हॉइस मागितलं. माझ्याकडे छापलेलं होतं: माझं नाव-पत्ता, क्लायंटचं नाव-पत्ता, कामाचं वर्णन, तारीख, नंबर, रक्कम. ते म्हणाले, हे असंच प्रत्येक वेळी आणत जा, आणि पैसे आले की काय करायचं त्याचं एक पत्र द्या, डिस्पोजल इन्स्ट्रक्शन म्हणतात त्याला, रक्कम रुपयांत करून अमुक खात्यात जमा करा, कोड हा. त्यांनीच पत्राचा मसुदा बोलून लिहून घेतला. त्या पत्राची फाइल मी वर्षानुवर्षं तारीख बदलून वापरली. तेव्हा एफआयआरसी, म्हणजे परकीय चलन आल्याचं सर्टिफिकेट, जाड कागदावर मिळायचं, वेगळी फी भरून. पुढे बँकांनी असल्या रकमांना कागदी देणं थांबवलं आणि पीडीएफमध्ये ॲडव्हाइस, म्हणजे पैसे आल्याचा बँकेचा कागद, येतो. काही असो, तो दर वेळी मागून घ्यायचाच. इनव्हॉइस, ॲडव्हाइस आणि पासबुकातली नोंद या तिघांची रक्कम आणि तारीख जुळली पाहिजे.

वायर आली तेव्हा ४०० चे ३८० झालेले. मधल्या बँकेने वाटेत वीस कापले. आणि रुपये करताना बँकेने बाजारापेक्षा दीड रुपया कमी लावला. वायरचा खर्च रक्कम कितीही असली तरी जवळपास तेवढाच, आणि पेपालसारख्या वॉलेटचा खर्च टक्क्याने, हे एकदा डोक्यात बसलं की मग कुठला रस्ता धरायचा ते कळतं. मी ओहायोवाल्यांना सांगितलं, महिन्याला शंभर नको, तीन महिन्यांचे एकदम आगाऊ द्या आणि पाठवताना खर्च तुमच्याकडे हा पर्याय निवडा. ते लगेच तयार झाले, त्यांनाही दर महिन्याची कटकट नको होती. लहान गिऱ्हाइकं पेपालवरच ठेवली. नंतर पेओनियरसारख्या कंपन्या आल्या ज्या आपल्या नावाने अमेरिकेतल्या खात्याचा नंबर देतात, क्लायंट तिथल्या तिथे पैसे टाकतो, तेव्हा हा खर्च बराच खाली आला. यातलं काही निवडण्याआधी मी एकच विचारते, दर व्यवहाराचा परकीय चलनाचा कागद देता का. नसेल देत तर फी कितीही कमी असो, मला नको.

रुपयाबद्दल लोक फार बोलतात. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ४० रुपयांच्याही खाली होता, ऑगस्ट २०१३ मध्ये ६८ वर गेला, २०२२ मध्ये ८३ ला टेकला. शेजारच्या काकू अजून म्हणतात, तुला काय, रुपया पडला की तुझी दिवाळी. तसं नसतं हो. माझं होस्टिंग, माझी टूल्स, प्लगिनची लायसन्स सगळी डॉलरमध्येच आहेत, लॅपटॉप महाग होतो. आणि चलन उलटंही फिरतं. डेव्हनचं बिल पौंडात असायचं. जून २०१६ मध्ये ब्रेक्झिटचं मतदान झालं तेव्हा पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता, निकालानंतर दोन-तीन दिवसांत नव्वदवर, आणि ऑक्टोबरपर्यंत ८०-८५ च्या घरात. माझं काम तेच, बिल तेच, आणि घरात येणारी रक्कम सहाव्या हिश्श्याने कमी. त्या वर्षी मी त्यांना भाव वाढवून मागितला नाही, त्यांच्याकडेही सगळं अस्थिर झालं होतं, पण नंतर नवीन बिलं डॉलरमध्ये करायला लागले आणि एकाच चलनावर सगळं अवलंबून ठेवलं नाही. भाव चढेल म्हणून डॉलर धरून ठेवायचा मोह मला पटत नाही. ईईएफसी खातं, म्हणजे आपल्याच बँकेतलं परकीय चलनाचं खातं, काढलं तर परकीय चलन तसंच ठेवता येतं पण त्यावर व्याज नाही आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीला शिल्लक रुपयांत करावीच लागते. ज्यांना बाहेरची देणी भागवायची असतात त्यांना ते खातं चांगलं. ज्या पैशावर किराणा भरायचाय तो आल्या आल्या रुपये करावा असं माझं मत आहे.

टॅक्सचं सगळ्यात जास्त घाबरवतात आणि उगाच. आमच्या सांगलीत एक्सपोर्ट म्हटलं की द्राक्षं, बेदाणा, हळद. कंटेनर नाही, बंदर नाही, आणि ही बाई एक्सपोर्टर म्हणते, हे पहिल्या सीएंना पचलंच नाही, ते म्हणाले इतर उत्पन्नात दाखवून टाकू. मी दुसरे शोधले. या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, हा तुझा व्यवसाय आहे, बिनधास्त व्यवसाय म्हणून दाखव. २०१६-१७ पासून इन्कम टॅक्समध्ये ४४एडीए कलम आलं, आयटीचं काम त्यात बसतं, एकूण जमेच्या किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची आणि मग खर्चाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. ॲडव्हान्स टॅक्सही एकदाच, १५ मार्चच्या आत.

पण यात एक मेख आहे जी मला नीट समजून घ्यावी लागली. निम्माच नफा दाखवला तर टॅक्स वाचतो, पण होम लोनला गेलात की बँक रिटर्नमधलं उत्पन्नच बघते, जमा किती झाली ते नाही. काकांनी विचारलं, पुढच्या तीन वर्षांत घर घ्यायचंय का? घ्यायचं होतं. मग माझा खरा खर्च जेवढा होता तेवढाच वजा केला, म्हणजे निम्म्यापेक्षा बराच जास्त नफा दाखवला आणि त्यावर टॅक्स भरला. घरात थोडी कुरबूर झाली, एवढा टॅक्स कशाला म्हणून. लोनच्या वेळी साहेबांनी नेहमीप्रमाणे सॅलरी स्लिप मागितली, मी तीन वर्षांची रिटर्न आणि ॲडव्हाइसची फाइल क्रमाने लावून टेबलावर ठेवली. ते चाळत बसले, मधलीच एक नोंद काढून म्हणाले हिचं बिल दाखवा, मी दाखवलं, आणखी दोन-चार काढून बघितली. सगळी जुळली. विश्रामबागेतला फ्लॅट त्या फाइलवर मिळाला, आणि पहिला हप्ता गेला त्या दिवशी सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, सुनेच्या नावावर कर्ज मंजूर झालं.

जीएसटीचं थोडक्यात सांगते. जुलै २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा राज्याबाहेर सेवा देणाऱ्याला उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची, म्हणून मी घेतली. ऑक्टोबरमध्ये सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत सूट आली, तरी मी नंबर ठेवला. निर्यातीवर शून्य दर आहे, एलयूटी, म्हणजे निर्यात करणाऱ्याचं हमीपत्र, भरला की टॅक्स न भरता बिल करता येतं आणि ब्रॉडबँडसारख्या सेवांवर भरलेला जीएसटी परत मागता येतो. मात्र नंबर असला की बाहेरच्या देशातून घेतलेल्या होस्टिंगवर रिव्हर्स चार्जने टॅक्स आधी आपणच भरायचा, मग क्रेडिट. उलाढाल लहान असेल आणि खरेदी फारशी नसेल तर सूट घेऊन गप्प राहिलेलं बरं, हे माझं प्रामाणिक मत.

रोजचं आयुष्य कसं असतं हेही सांगायला पाहिजे, कारण लोक फक्त डॉलर बघतात. सुरुवातीला लोडशेडिंग होतं, बीएसएनएलचं ब्रॉडबँड आणि इन्व्हर्टर, आणि साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं काम मी इंग्लंडमधली माणसं झोपलेली असतात तेव्हा करायचे, म्हणजे आपल्याकडे सकाळी सहाला. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे साइटचा जुना पत्ता इंटरनेट किती वेळ लक्षात ठेवतं ती मुदत, तीनशे सेकंदांवर आणायचा, मेल कुठल्या सर्व्हरवर जातात ते सांगणारे एमएक्स रेकॉर्ड कागदावर उतरवून घ्यायचे, कारण साइट पाच मिनिटं बंद पडली तर चालतं पण माणसाचे मेल हरवले तर तो विसरत नाही. इतकी वर्षं झाली, तो कागद अजून करते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात मात्र कसोटी लागली. कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, आमच्या घरात पाणी नव्हतं पण लाइट गेली, नेट गेलं, मोबाइलला रेंज येईना. क्लायंटच्या साइट कुठे सांगलीत असतात, त्या लंडन आणि टेक्सासच्या सर्व्हरवर मजेत चालू होत्या, फक्त त्यांच्याकडे बघणारी मी अंधारात. नाशिकच्या एका मैत्रिणीशी माझं आधीपासून ठरलेलं होतं, तीही हेच काम करते, एकमेकींच्या क्लायंटच्या कामाच्या नोंदी आणि पासवर्डची तिजोरी दोघींना उघडता येते. रेंज आली तेवढ्यात तिला एक ओळ टाकली, हातात घे. मुलांना घेऊन मी मिरजेवरून जतला बहिणीकडे गेले, तिथे पावसाचा थेंब नव्हता, तिच्या ओट्यावर बसून मोबाइलच्या नेटवर सगळ्यांना मेल लिहिले. एकही क्लायंट गेला नाही. ओहायोच्या माणसाने त्या तिमाहीचे पैसे मुदतीच्या आधी पाठवले, बाकी काही न बोलता. एकटीने धंदा करणाऱ्या प्रत्येकीने अशी एक मैत्रीण जोडून ठेवावी. आजारपण, बाळंतपण, पूर, काहीही येऊ शकतं.

पैसे बुडाले का? बुडाले. एकाने तीन महिने काम करून घेतलं आणि मेलला उत्तर देणं बंद केलं, समुद्रापलीकडच्या दोनशे डॉलरसाठी कोर्टात जाता येत नाही. तेव्हापासून आगाऊ बिल, आणि डोमेन कायम क्लायंटच्याच नावावर. डोमेन आपल्या नावावर धरून ठेवून वसुली करणारे काही जण असतात, ते मला अजिबात मान्य नाही, दुसऱ्याच्या धंद्याची पाटी आपल्या खिशात ठेवायची नसते.

आता ओढून-सोडून साइट बनवायची साधनं आली, एआय आलं, छोटी कामं कमी झाली हे खरं आहे. नवीन साइटचं काम माझ्याकडे पूर्वीच्या निम्मंही येत नाही. पण बनवलेली साइट बंद पडते तेव्हा फोन येतोच, आणि हल्ली तर स्वतः बनवून मग बिघडवून आणतात, ते निस्तरायला जास्त वेळ लागतो आणि त्याचे जास्त मिळतात.

नवीन सुरुवात करत असाल तर मार्च महिना भिंतीवर लिहून ठेवा. १५ तारखेच्या आत ॲडव्हान्स टॅक्स, जीएसटी नंबर असेल तर ३१ च्या आत पुढच्या वर्षाचा एलयूटी, कारण तो एकाच आर्थिक वर्षापुरता असतो. त्याच महिन्यात अमेरिका आणि इंग्लंडची घड्याळं एक तास पुढे जातात आणि तीही वेगवेगळ्या रविवारी, त्यामुळे ठरलेले कॉल हलतात, क्लायंटला आठवडाभर आधी मेल करून ठेवा. आणि वर्षभराचे ॲडव्हाइस बँकेकडून राहिले असतील तर ते मार्चमध्येच मागा, एप्रिलमध्ये काउंटरवर कुणाला वेळ नसतो.